लेकराचं बोन मॅरो करायचं तर: येवल्याच्या एका विणकराची वही

आमच्या लेकीच्या, मनूच्या नावाची एक दोनशे पानी वही आमच्या घरात आहे. तिला थॅलेसेमिया मेजर होता: आईबाप दोघांकडून आलेलं जनुक बिघडलेलं, त्यामुळे हाडातल्या मगजात (मज्जेत, म्हणजेच बोन मॅरोत) धड रक्त तयार व्हायचं नाही आणि सतत रक्त चढवावं लागायचं. पहिली नोंद ती आठ महिन्यांची असतानाची: तारीख, वजन, हिमोग्लोबिन ५.४, रक्त ८० मिली. मग दर तीन आठवड्यांनी एक ओळ. अशा ९८ ओळी झाल्या आणि २०२२ साली बंगळुरात तिचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं, म्हणजे दात्याचा मगज तिला चढवला. तेव्हा ती सहा वर्षांची होती. दाता तिचा मोठा भाऊ, आमचा दादू.

मी डॉक्टर नाही, येवल्यात हातमागावर पैठणी विणतो. पण नाशिकच्या डे-केअरमधल्या (जिथे मनूला रक्त चढवायचो त्या केंद्रातल्या) ओळखीतून माझा नंबर फिरला आणि आता महिन्याला चार-पाच फोन येतात. "भाऊ, आमच्या लेकराचं करायचंय, सुरुवात कुठून करू?" दर वेळी सांगतो आणि दर वेळी काहीतरी राहून जातं. म्हणून वही पुढ्यात घेऊन एकदाच लिहून काढतोय. औषध आणि डोस तुमचे डॉक्टर सांगतील तेच खरे. माझं हे केबिनबाहेरचं.

सगळ्यात आधी एचएलए

बहुतेक घरांत काय होतं, आधी पैसे जमवू आणि मग तपासणी करू असं ठरतं. पैसे काही जमत नाहीत आणि लेकरू दहा वर्षांचं होतं. तुम्ही उलटं करा. तपासणी आज करा, पैशाचं नंतर बघू. भावंडाचं जुळत नसेल तर निम्मी धावपळ तिथंच वाचते, आणि जुळत असेल तर दारं ठोठवायला हातात कागद येतो.

एचएलए म्हणजे पेशींवरची खूण. दात्याची आणि लेकराची ती जुळावी लागते. ती अर्धी आईकडून येते, अर्धी बापाकडून. म्हणून सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दोन भावंडं असतील तर दोघांची करा, तान्ह्या बाळाचीही करा. सुई लागत नाही, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात. बंगळुरातली डीकेएमएस इंडिया (आधीचं नाव डीकेएमएस-बीएमएसटी) ही संस्था थॅलेसेमियाच्या कुटुंबांची ही तपासणी फुकट करते. डे-केअर केंद्रांमार्फत शिबिरं लागतात, तुमच्या केंद्रात विचारा. खाजगी लॅबमध्ये करायचीच वेळ आली तर आधी 'हाय रेझोल्युशन', म्हणजे जास्त बारकाईची, आहे का ते विचारून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं. साडेनऊ हजार देऊन जो कागद आणला, तो ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनी पाहिला, घडी घातली आणि म्हणाले, परत करावी लागेल.

फोनवर हमखास येणारे प्रश्न. भावाचा रक्तगट वेगळा आहे, चालेल? चालतो. मनूचा बी पॉझिटिव्ह होता, दादूचा ओ पॉझिटिव्ह. मुलीला मुलाचं चालतं? चालतं. भाऊ थॅलेसेमिया मायनर आहे, चालेल? तोही चालतो, दादू मायनरच आहे, म्हणजे त्याचं एकच जनुक बिघडलेलं, आजार नाही. आईबापाचं? साधारणपणे निम्मंच जुळतं, त्याला हॅप्लो म्हणतात. करतात, पण धोका जास्त, खर्च जास्त आणि अनुभव असलेलीच टीम हवी.

आणि एक. बाळंतपणाच्या वेळी नाळेचं रक्त साठवा म्हणून गळ घालणारे एजंट भेटतात. मेजर असलेल्या बाळाच्या स्वतःच्या नाळेत तोच बिघाड असतो. ते त्याच्याच उपयोगाला यायचं नाही.

दुसरं मूल होऊ देऊ का, हेही विचारतात, बहुतेक वेळा हळू आवाजात आणि बहुतेक वेळा बाईच. मी फक्त हिशेब सांगतो. दोघंही मायनर असतील तर प्रत्येक खेपेला मेजर नसण्याची शक्यता चारात तीन, जुळण्याची चारात एक. दोन्ही एकत्र घडण्याची सोळात तीन. काहीही ठरवलं तरी दिवस गेल्यावर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा तुकडा घेऊन तपासणी होते, ती चुकवू नका. बाकी निर्णय तुमच्या घरातला.

दाता मिळेपर्यंत लेकराचं शरीर वाया घालवायचं नाही

घाई का, ते एका हिशेबात कळतं. दोनशे मिलीच्या बॅगेत साधारण दोनशे मिलिग्रॅम लोह असतं. आपलं शरीर दिवसाला जेमतेम एखादं मिलिग्रॅम बाहेर टाकतं. उरलेलं यकृतात, हृदयात, ग्रंथींमध्ये साठत जातं. ट्रान्सप्लांट करताना जी जोरकस औषधं देतात ती यकृताला सोसावी लागतात. इटलीतल्या पेसारो गावात लुकारेली नावाच्या डॉक्टरांनी १९८१ पासून अशा मुलांचे ट्रान्सप्लांट केले. त्यांच्या टीमने ठरवलेल्या तीन गोष्टी आजही पाहतात: यकृत बरगडीखाली दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त वाढलंय का, यकृतात फायब्रोसिस (घट्ट व्रण) आहे का, लोह काढायची औषधं नियमित घेतली का. तिन्हीची उत्तरं चांगली असतील तर वर्ग एक, तिन्ही वाईट तर वर्ग तीन. तिसरी गोष्ट पूर्णपणे आईबापाच्या हातात असते.

आमचीच चूक सांगतो. मनू पाच महिन्यांची असताना पांढरी पडायला लागली. गावातल्या एका दवाखान्यात 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाचं टॉनिक दिलं आणि आम्ही तीन महिने इमानाने पाजलं. ज्या लेकराला पुढे आयुष्यभर लोह काढायचं होतं, त्यालाच चमच्याने लोह भरवलं. बाळ पांढरं दिसत असेल आणि टॉनिकने महिन्याभरात फरक पडत नसेल, तर एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी रक्ततपासणी) करा म्हणून हट्ट धरा. आणि तेसुद्धा पहिलं रक्त चढवायच्या आधी, कारण चढवल्यावर रिपोर्टमध्ये दात्याचं रक्त मिसळतं.

रक्त घेतानाचे आमचे नियम असे. हिमोग्लोबिन नऊच्या खाली जाऊ द्यायचं नाही. "अजून खेळतीये ना, मग पुढच्या आठवड्यात नेऊ" असं आपण म्हणतो, तेवढ्यात हाडं रुंदावतात, प्लीहा वाढते. पांढऱ्या पेशी गाळलेली, नॅट (रक्तातले विषाणू शोधणारी) तपासणी झालेली बॅग मिळत असेल तर तीच मागायची. आणि काका, मामा, आई, बाप यांचं रक्त चढवू द्यायचं नाही. हे ऐकून घरचे रागावतात. माझा मेहुणा दोन महिने बोलला नव्हता. पण नात्यातलं रक्त चढलं की लेकराचं शरीर त्या खुणा ओळखून ठेवतं आणि पुढे भावाच्या पेशी नाकारण्याचा धोका वाढतो. मेहुण्याला म्हणावं, तू ब्लड बँकेत दे, दुसऱ्या कुणाच्या तरी लेकराला जाईल.

लोह काढायच्या गोळीचं सांगतो. पाण्यात विरघळणारी डिफेरासिरॉक्स असेल तर सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्यात, आणि अर्धा तास काही खायला नाही. दुधात घालायची नाही. मनूला खडूसारखी लागायची. ग्लासच्या तळाशी चोथा राहतो, त्यात परत पाणी घालून तेही पाजायचं, नाहीतर रोज पाव गोळी मोरीत जाते. आमची चार महिने गेली. फेरिटिन (साठलेल्या लोहाचा रक्तातला आकडा) का उतरत नाही म्हणून डोस वाढवायची वेळ आली, तेव्हा सिस्टरने मनूच्या आईला फक्त एवढंच विचारलं: ग्लास कोण विसळतं?

दवाखाना कोणता

मी नाव घेऊन 'इथेच जा' सांगत नाही. मुंबईत बोरिवलीला महापालिकेचं थॅलेसेमिया आणि बोन मॅरोचं केंद्र आहे, आपल्याकडच्या माणसाने तिथे आधी विचारून यावं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे काम १९८६ पासून चालू आहे. बंगळूर, चेन्नई, पुणे, दिल्ली, कोलकाता, अहमदाबाद इथेही होतं. आम्ही बंगळुरात गेलो कारण तिथे आमचा नंबर आधी लागत होता आणि मनमाडला कर्नाटक एक्सप्रेस थांबते. थॅलेसेमियाच्या पेशंटला उपचारासाठी जाताना रेल्वेच्या भाड्यात सवलत आहे, सोबतच्या एका माणसालाही. दवाखान्याचा छापील फॉर्म घेऊन खिडकीवरच तिकीट काढायचं.

डॉक्टरांसमोर बसलं की प्रश्न विसरतात, म्हणून लिहून न्या. आम्ही विचारलं होतं: भावंडाच्या मॅचवर थॅलेसेमियाची किती मुलं तुम्ही केली? त्यातली किती आज रक्ताशिवाय आहेत? किती गेली? आमची मुलगी कोणत्या वर्गात? पेशी रुजल्या नाहीत तर पुढे काय? एस्टिमेटमध्ये काय धरलंय आणि काय नाही? जो डॉक्टर "किती गेली" या प्रश्नावर चिडतो त्याच्याकडे मी माझं लेकरू ठेवणार नाही. आमचे चिडले नाहीत. लहान वय, कमी धोका आणि भावंडाची पूर्ण मॅच असेल तर शंभरातली साधारण पंच्याऐंशी ते नव्वद मुलं बरी होतात, असं त्यांनी सांगितलं. उरलेल्यांपैकी काहींच्या पेशी रुजत नाहीत आणि काही जातात. हे दोघांनी एकत्र ऐका. एकट्या बापाने ऐकून आईपासून लपवलं की पुढे महिनाभर ती बाई ट्रान्सप्लांटच्या काचबंद खोलीत एकटी पडते.

आणखी एक विषय डॉक्टर घाईत असले तर राहून जातो. बुसल्फानसारख्या औषधांमुळे पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. मुलगी असो की मुलगा, आधीच विचारा, काही जपून ठेवता येतं का. आम्ही विचारलं, वहीत लिहिलं, दोघांनी सही केली.

भावंडाची मॅच नाही असं निघालं तर घर विकायला धावू नका. नियमित रक्त, नियमित गोळी, वर्षाला हृदय-यकृताची तपासणी यावर मुलं मोठी होतात, नोकरीला लागतात. हॅप्लोचा किंवा परक्या दात्याचा विचार करायचाच तर दोन ठिकाणचं मत घ्या.

पैसे आणि कागद

आमचं एस्टिमेट साडेअकरा लाखांचं होतं. पैठणीच्या मजुरीवर ते सात जन्मात झालं नसतं. कोल इंडियाची थॅलेसेमिया बाल सेवा योजना आहे, २०१७ पासून. भावंडाची मॅच असलेल्या लहान मुलांसाठी दहा लाखांपर्यंत मदत मिळते, ठरलेल्याच दवाखान्यांत, आणि पैसे थेट दवाखान्याला जातात. वयाची आणि उत्पन्नाची अट आहे. अर्ज दवाखान्यामार्फतच जातो, म्हणून ओपीडीत गेल्या गेल्या डॉक्टरांच्या आधी मेडिकल सोशल वर्करला गाठा. त्या ताईंच्या टेबलावर जेवढी माहिती असते तेवढी कुठल्या मोठ्या खुर्चीत नसते. शिवाय प्रधानमंत्री राष्ट्रीय सहाय्यता निधी आहे, मुख्यमंत्री सहायता निधी आहे, मुंबईचा सिद्धिविनायक ट्रस्ट आहे, टाटा ट्रस्ट आहे. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी दहा टक्के खाटा मोफत आणि दहा टक्के सवलतीत ठेवायचा नियम आहे. प्रत्येकाची यादी वेगळी, अट वेगळी. ॲडमिट होण्याआधी अर्ज करा. बिल भरून झाल्यावर कुणी विचारत नाही.

कागदांची एक फाइल आणि तिचे सहा झेरॉक्स संच करा. तहसीलदाराचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, चौघांचे आधार, जन्मदाखले, एचएलए रिपोर्ट, एस्टिमेट, अपंगत्वाचं कार्ड असेल तर तेही (थॅलेसेमिया २०१६ च्या कायद्यात आहे). आणि सगळीकडे नाव एकच आहे का ते आजच बघा. मनूचं जन्मदाखल्यावर 'मनवा' आणि आधारवर 'मानवी' होतं. एका काना-वेलांटीपायी एकोणीस दिवस गेले. दुरुस्तीच्या रांगेत दोनदा परत पाठवलं, एकदा तर खिडकीवरचा माणूस जेवायला गेला तो आलाच नाही. ट्रान्सप्लांटची तारीख त्यामुळे एक महिना पुढे गेली आणि मनूला दोन बॅगा जास्त लागल्या.

योजनेत न बसणारा खर्च वेगळा धरून ठेवा: खोलीभाडं, दूध-भाजी, घरी आल्यावरची औषधं, तपासण्या, गाडीभाडं. आमचे पावणेतीन लाख गेले. त्यात माझा बंद माग धरलेला नाही.

आत आई, बाहेर स्वयंपाकी

ट्रान्सप्लांटच्या खोलीत लेकराजवळ एकच माणूस राहतो. मनूची आई आत गेली, मी बाहेर राहिलो, दादूला माझ्या आईने सांभाळलं. बाहेरच्याचं काम काय असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाहेरच्याचं काम म्हणजे स्वयंपाक, रक्तदाते आणि रांगा.

माझी खोली दवाखान्यापासून दहा मिनिटांच्या वाटेवर, एक शेगडी, तीन लिटरचा कुकर आणि तीन नवे स्टीलचे डबे. लेकराच्या पांढऱ्या पेशी शून्यावर येतात तेव्हा आपल्याला न बाधणारे जंतूही त्याला घेऊन जातात. म्हणून डाएटिशियनने यादी दिली. पाणी उकळून गार केलेलं. सगळं कुकरमध्ये शिजलेलं. डबा वाफा निघतानाच भरायचा, आणून दिल्यावर तासाभरात खायचा, उरलं ते टाकायचं. दही-ताक नाही, कच्चं काही नाही, चटणी नाही, लोणचं नाही, बाहेरचं पाकीट नाही. डबे उकळत्या पाण्यातून काढून पालथे घालून सुकवायचे. फडक्याने पुसायचे नाहीत, फडक्यातच सगळं असतं.

मला आयुष्यात चहापलीकडे काही येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मुगाची खिचडी मनासारखी जमली. झाकण लावायच्या आधी हात आपोआप कोथिंबिरीकडे गेला आणि वरून चिमूटभर भुरभुरली. आईला लहानपणापासून तसंच करताना पाहिलेलं. डबा दारावरूनच परत आला. सिस्टर केरळच्या होत्या, त्यांनी झाकण उघडून एक हिरवं पान बोटाने दाखवलं आणि फक्त मान हलवली. खोलीवर परत जाऊन दुसरा कुकर लावला. मनू तोवर पाऊण तास रडत होती, हे तिच्या आईने मला दोन महिन्यांनी सांगितलं.

तेच मेतकुटाचं. मनूला तोंडाला चव नव्हती, मेतकूट-भातच पाहिजे म्हणून बसली. डाळी भाजून केलेलं असलं तरी पीठ वरून घालणं चालणार नव्हतं. मग तांदळात पाणी जास्त घालून मेतकूट कुकरमध्येच टाकलं आणि पाच शिट्ट्या केल्या. रंग गेला, वास राहिला. चार घास खाल्ले. जिरं, हिंग, हळद, जे काही असेल ते आधी घालून शिजवायचं, वरून काही नाही, एवढा एकच नियम लक्षात ठेवला तरी पुरे. तिथल्या घरमालकीण अम्मांनी मला दोन शब्द शिकवले होते, 'हालु' म्हणजे दूध आणि 'बिसि नीरु' म्हणजे गरम पाणी. त्यावर मी तीन महिने काढले.

आत काय चालतं ते थोडक्यात. आधी छातीजवळ एक लाइन टाकतात, त्यातूनच सगळं देता-घेता येतं. मग आठ-दहा दिवस कन्डिशनिंग, म्हणजे जुना मगज रिकामा करायची जोरकस औषधं. त्यात फीट येऊ नये म्हणूनही औषध असतं. केस जाणारच, आधीच बारीक कापून ठेवा. मनूने बाहुलीचेही कापायला लावले. यकृतावर ताण येतो म्हणून वजन आणि पोटाचा घेर टेपने रोज मोजतात. लघवी मोजतात. ते आकडे आईने स्वतःच्या वहीतही लिहावेत. एका रात्री सकाळपेक्षा वजन सहाशे ग्रॅम वाढलेलं मनूच्या आईच्या लक्षात आधी आलं. डॉक्टरांनी लगेच पाणी कमी केलं, औषध बदललं.

ट्रान्सप्लांटचा दिवस म्हणजे 'डे झीरो'. लोकांना ते मोठं ऑपरेशन वाटतं. दादूला सकाळी आठला भूल देऊन कमरेच्या मागच्या हाडातून २६० मिली मगज काढला. दुपारी ती बॅग मनूच्या लाइनला लावली, रक्ताच्या बॅगेसारखीच दिसते. चार तासांत संपली. मनूची आई फोनवर म्हणाली, "एवढंच?"

दादूविषयी सांगतो, कारण डोनर पोराकडे सगळे विसरतात. तो दहा वर्षांचा होता. त्याला आधी नीट सांगा, कुठे टोचणार, किती दिवस दुखणार. त्याच्याकडून 'हो' घ्या. त्याला तीन दिवस चालताना दुखलं, महिनाभर लोहाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "मनूला नाही झालं बरं तर माझ्या मगजात खोट होती म्हणतील ना?" मला हे सुचलंच नव्हतं. हे त्याला आधीच सांगायचं असतं, की देणं एवढंच तुझं काम, पुढचं तुझ्यावर नाही.

मग शून्याचे दिवस. तोंड आतून सोलून निघतं, थुंकी गिळवत नाही, मॉर्फिन लागतं. नवव्या दिवशी ताप आला. या काळात प्लेटलेट लागतात आणि एका दात्याची प्लेटलेट काढायला तास-दीड तास जातो, म्हणून दहा-बारा दात्यांची यादी आधीच तयार हवी. मला तिथे कंपन्यांत काम करणारी मराठी पोरं मिळाली, एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि रात्री अकरालाही कुणीतरी आलं. आपण आईबाप इथेही देत नाही, डॉक्टर सांगतील तेव्हाच.

बाजूच्या खोलीत एक मुलगा होता, मनूपेक्षा मोठा, यकृत आधीच खराब झालेला. त्याचे वडील आणि मी एकाच नळावर डबे धुवायचो. एका सकाळी ते आले नाहीत. मी त्यांच्या खोलीवर गेलो तेव्हा कुकर तसाच होता, झाकण लावलेला. याच्यापुढे मला लिहिता येत नाही. पण घडतं, म्हणून इथे ठेवलं.

अठराव्या दिवशी मनूचा एएनसी (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा) ५४० आला. सलग तीन दिवस पाचशेच्या वर राहिला की पेशी रुजल्या म्हणतात. विसाव्या दिवशी सिस्टरने काचेवर मार्करने फुगा काढला.

शंभर दिवस दवाखान्याचं गाव सोडायचं नाही

डिस्चार्ज म्हणजे संपलं, असं समजून गावी जाऊ नका. शंभर दिवस दवाखान्याजवळच राहायचं, कारण ताप आला तर तासाभरात पोचावं लागतं. ३८ सेल्सिअसच्या वर थर्मामीटर गेला की आधी फोन, मग बाकी. घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही.

सगळ्यात महत्त्वाचं औषध सायक्लोस्पोरिन. भावाच्या पेशींनी मनूच्या अंगावर हल्ला करू नये म्हणून ते असतं. त्या हल्ल्याला जीव्हीएचडी म्हणतात: तळहात-तळपायावर लाली, पुरळ, हिरवट जुलाब, डोळे पिवळे. दिसलं की त्याच दिवशी दाखवा. औषध बरोबर बारा तासांनी, आमचं सकाळी आठ आणि रात्री आठ. औषधाची रक्तातली लेव्हल तपासायची असेल त्या दिवशी सकाळचा डोस द्यायच्या आधी रक्त द्यायचं, डोस खिशात घेऊन जायचा आणि रक्त दिल्यावर पाजायचा. आम्ही एकदा पाजून गेलो, लेव्हल भलतीच जास्त आली, सगळे घाबरले. पपनस द्यायचं नाही, त्याने लेव्हल चढते. या औषधाने मनूच्या ओठांवर, पाठीवर लव आली. शेजारची बाई म्हणाली, मुलाचा मगज घातला म्हणून मिशा आल्या. औषध बंद झाल्यावर चार-पाच महिन्यांत ती लव गेली.

महिन्याने कायमेरिझमचा रिपोर्ट येतो, म्हणजे रक्तात भावाचे किती टक्के आणि स्वतःचे किती. आमचे ९७ आले, तीन महिन्यांनी ८९. आकडा उतरला की आईबापाची झोप उडते. डॉक्टर म्हणाले, मिक्स्ड असूनही हिमोग्लोबिन टिकत असेल तर चालतं, फक्त आकडा पळत सुटलाय का ते बघायचं. वर्षाने ९१ वर थांबला. हिमोग्लोबिन ११.२.

येवल्यात परतल्यावर

आमच्या घरात खड्डामाग आहे. पाय सोडून बसायचा तो मातीचा खड्डा पावसाळ्यात ओल धरतो, कोपऱ्यात बुरशीही येते. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी घर कसं आहे विचारलं तेव्हा मी मोबाइलवर फोटो दाखवला. ते म्हणाले, मुलगी त्या खोलीत नको. म्हणून वर्षभर मनू आणि तिची आई चुलत्याच्या माडीवर राहिल्या. तुमच्या घरात बांधकाम चालू असेल, जुनं प्लास्टर पाडायचं असेल, कबुतरं बसत असतील, तर हे परतण्याआधी निपटा. गर्दी, लग्न, जत्रा, शाळा, यांना आमच्या डॉक्टरांनी वर्षभर नाही म्हटलं. शाळेच्या बाईंनी घरी वह्या पाठवल्या.

लसी पुन्हा पहिल्यापासून द्याव्या लागतात, जुन्या पुसल्या जातात. गोवर-एमएमआरसारख्या जिवंत लसी दोन वर्षांआधी नाहीत, त्याही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. गावातल्या आशाताईंना कागद दाखवून ठेवा, नाहीतर त्या बिचाऱ्या त्यांच्या यादीप्रमाणे दारात येतात.

मनूचा रक्तगट आता ओ पॉझिटिव्ह आहे. शाळेच्या ओळखपत्रावर अजून बी होता, तो बदलून घेतला. क्लार्कने विचारलं, रक्तगट कसा बदलेल? दवाखान्याचं पत्र दाखवलं. आणखी एक कागद वहीच्या मागच्या कप्प्यात ठेवलाय. तिच्या रक्ताचा रिपोर्ट आता दादूसारखा मायनर दिसतो, पण तिच्या स्वतःच्या पेशींत दोन्ही बिघडलेले जनुक तसेच आहेत. पुढे तिला मूल झालंच तर ते निदान मायनर असणारच. म्हणून तिच्या लग्नाच्या वेळी मुलाची एचपीएलसी बघायची, हे त्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. तोवर मी असेन-नसेन, कप्पा दादूला माहीत आहे.

राहिलं लोह. ट्रान्सप्लांटने नवीन लोह येणं थांबतं, आधीचं साठलेलं तसंच असतं. मनूचं फेरिटिन २१०० होतं. वर्ष उलटल्यावर नाशिकच्या त्याच डे-केअरमध्ये, त्याच खिडकीजवळच्या पलंगावर, दर पंधरा दिवसांनी, लोह उतरावं म्हणून, तिचं रक्त काढायला लागलो. किलोला सहा मिली, म्हणजे ११५ मिलीच्या आसपास. आधी पोटभर नाश्ता, मग लिंबू-सरबत, आणि काढल्यावर अर्धा तास झोपून राहायचं. पहिल्या वेळी मनू बॅगेकडे बघत होती, नळीतलं रक्त उलट्या दिशेने चाललेलं. वहीत त्या दिवसाची ओळ लिहिताना कुठल्या रकान्यात टाकायचं कळेना. रक्ताच्या रकान्यातच आकडा टाकला आणि त्याच्या आधी उणे केलं.